स्यू-ल्वानबाईंचा कॉम्प्युटर

च्याई गावात बाजारामागच्या गल्लीत टर्की पक्ष्याच्या मांसाचा भात विकायची गाडी चालवणाऱ्या स्यू-ल्वानबाईंचा हट्ट म्हणजे हट्ट! नवरा गेला, गुडघे दुखू लागले, तरी बाई एकट्याच राहायच्या. मुलगा पो-हान शिन्चू शहरात कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. दर फोनला त्याचं एकच पालुपद, "आई, गाडी बंद कर आणि माझ्याकडे ये. एकटीला नाही झेपायचं तुला."

"काय झेपत नाही रे मला? सांग की!"

"बरं, कॉम्प्युटर जोडून दाखव. सुटे भाग आणून, स्वतःच्या हातानं. चालू झाला तर हा विषय मी परत काढणार नाही. नाही झाला, तर सामान बांधायचं."

पोरानं चिडून म्हटलं, बाईंनी धरून ठेवलं. भाग मागवले, चष्मा नाकावर चढवला आणि महिनाभर मोबाइलवर बघून बघून एकेक भाग बसवला. बटण मात्र दाबलं नाही. पहिल्यांदा दाबायचं ते पो-हानसमोरच, असं ठरलं होतं.

रविवारी तो आला. बाई गाडीवरून त्याच्यासाठी भात आणायला गेल्या आणि परत येऊन बघतात तर कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण लावलेलं.

"मीच लावलं. छान जोडलंयस, आई."

बाईंनी ऐटीत बटण दाबलं. ढिम्म! पुन्हा दाबलं. ना पंखा, ना आवाज. आता हे घर, ही गल्ली, सगळं सुटणार!

पण रडत बसतील त्या बाई कसल्या! सॉकेटमध्ये दिवा लावून बघितला, लागला. वायर काढून घट्ट बसवली, मागचं छोटं बटण तपासलं. सगळं ठीक. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

पो-हान एकदम पुढे आला. "राहू दे ना, आई. झाकण नको उघडूस."

"का? मी हरले की तुला बरंच, नाही का? हो बाजूला!"

झाकण निघालं आणि आतून फुगलेलं हिरवं पाकीट टुणकन बाहेर उडालं. मक्याच्या कुरकुऱ्यांचं. मशीननं शहाण्यासारखं चालावं, असा शकुन म्हणून तिकडं कारखान्यात, बँकेत, सगळेच मशीनवर ठेवतात ते. वर ठेवतात हो, आत नाही कोंबत! त्या पाकिटाच्या रेट्यानं बटणाच्या दोन बारीक तारा सुटून लोंबत होत्या.

बाईंनी मुलाकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद.

"तू ठेवलंस?"

"वर ठेवलं असतं तर तुला दिसलं असतं ना."

"अरे, पण पैज तर तूच लावलीस!"

"तुझी काळजी वाटते म्हणून लावली. पण तू हरलीस तर तुझं तोंड कसं होईल, ते मला बघवलं नसतं."

बाईंना हसूही आलं आणि रडूही. "एवढा शिकलास, आणि पाकीट कुठं ठेवावं कळेना, गाढवा!" म्हणत त्यांनी चिमट्यानं तारा जागेवर बसवल्या आणि बटण दाबलं. पंखा गरगर फिरू लागला.

"जिंकलीस," पो-हान म्हणाला. "आता नाही काढणार विषय."

बाईंनी त्याच्या वाटीत आणखी भात वाढला आणि पाठीत एक हलका धपाटा घातला.

"विषय नको काढूस. पण येत जा. मशीन बिघडलं नाही तरी येत जा."