मांजरामार्फत

मनीच्या पोटावरचे केस गेलेत हे बाबांनी मला सांगितलं नाही, मनीलाच सांगितलं.

"मने, पोटावर टक्कल पडलंय तुझ्या. ज्यांना डोळे आहेत त्यांनी बघावं म्हणावं."

मी नुकतीच शाळेतून आले होते. एका हातात तपासायच्या वह्यांची पिशवी, दुसऱ्या हाताने चपलेचा बंद सोडत होते. ज्यांना डोळे आहेत ती मीच, हे कळायला वेळ लागला नाही, कारण नारायण पेठेतल्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. बाबा ब्याऐंशीचे, मी त्रेपन्नची. आणि मनी. तिला वेगळं नाव ठेवायचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. घरोघरी मांजरीला मनी म्हणतात, आम्हीही म्हणत होतो.

हे असं बोलणं साडेपाच महिने चाललं होतं आणि त्याचं कारण स्कूटर.

बाबा खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. नोकरी संपेपर्यंत रोज स्कूटरवरून गेले, स्कूटरवरून आले. निवृत्तीनंतर तीच स्कूटर घेऊन सकाळी मंडईत जायचे. भाजी हे त्यांचं खातं होतं, त्यात मी लुडबुड केलेली त्यांना चालत नसे. मग गेल्या वर्षी आमच्याच गल्लीच्या वळणावर उभ्या रिक्षेवर जाऊन आदळले. दोन अनोळखी माणसांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवला. हात प्लास्टरमध्ये गेला. तो प्लास्टरमध्ये असतानाच मी खाली जाऊन स्कूटर गॅरेजवाल्याला देऊन टाकली. विचारलं नाही. विचारून काय होणार हे मला माहीत होतं.

प्लास्टर काढल्यावर ते आरडाओरडा करतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. चांगली, मुद्देसूद उत्तरं. ते खाली गेले, पार्किंगमधली मोकळी जागा बघून वर आले, पाय धुतले आणि मनीला म्हणाले, "मने, आता तुला बसायला जागा नाही हो खाली." मनी पिल्लू होती तेव्हा त्या स्कूटरच्या सीटवर झोपायची, तिथूनच बाबांनी तिला उचलून वर आणलं होतं. माझी सगळी उत्तरं तशीच राहिली. त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

अबोला आमच्या घराला नवा नाही. आई असताना तिचे आणि बाबांचे पंधरा-पंधरा दिवसांचे व्हायचे. पण अबोला धरला तरी गॅस संपतोच, गोळ्या संपतातच, नळवाला येऊन जातोच. हे कुणीतरी कुणालातरी सांगावं लागतं. म्हणून मनी. "मने, रक्तदाबाच्या गोळ्या उद्यापुरत्याच आहेत म्हणावं." मग मीही सुरू केलं. "मने, त्यांना सांग, आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घ्यावी."

सुरुवातीला यात थोडी गंमत होती, खोटं का बोलू. शेजारच्या काकू तर दारातून ऐकून हसायच्या. मग गंमत गेली आणि सवय उरली. पुणेरी माणसाला समोरच्याकडे न बघता बोलायला मिळालं की जिभेला धार येते. बाबांना होतीच, मलाही होती हे तेव्हा कळलं. मी भाजी आणली की ते मनीला विचारायचे, "ही भेंडी शिजवायची आहे की दोरी म्हणून वापरायची?" मी मनीला सांगायचे, "ज्यांना जमत असेल त्यांनी जाऊन आणावी." ज्या माणसाला मीच जायचं साधन ठेवलं नव्हतं, त्याला मी हे म्हणत होते.

मी दमले होते. शाळेत दिवसभर पस्तीस पोरांना 'पूर्ण वाक्यात उत्तर द्या' म्हणून सांगायचं आणि घरी येऊन मांजरीला टोमणे मारायचे. जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबायचे ते दम लागला म्हणून नव्हे, दार उघडायचा कंटाळा आला म्हणून.

या दिवसांत मनी विचित्र वागायला लागली होती. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या बोळात बसायची, आणि बसल्या बसल्या एकदम काहीतरी अर्जंट काम आठवल्यासारखी पोट चाटायला लागायची. दोन-चार मिनिटं, खसाखसा. कधी पाठीवरची कातडी लहरायची, साय धरलेल्या दुधावर फुंकर मारल्यावर लहरते तशी. तरी घुरघुर चालूच. बाबांचं म्हणणं होतं की घुरघुरते आहे म्हणजे मजेत आहे. माझ्यासमोर ती लोळायची, पोट वर करायची, आणि मी हात लावला की चारी पायांनी मनगट धरून चावायची. मी म्हणायचे, एकाच माणसावर गेलीय, दुसरं काय. संध्याकाळी ती बाबांच्या खुर्चीशी यायची आणि त्यांच्याकडे पाठ करून बसायची. त्याचंही त्यांना लागायचं. "या घरात सगळेच पाठ फिरवायला शिकलेत," असं ते तिलाच म्हणायचे.

टक्कल दिसल्यावर आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. टोपली मांडीवर घेऊन दोघं एकाच रिक्षात. बाबा म्हणाले, "मने, रिक्षावाल्याला म्हणावं डावीकडून घ्या." रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे आणि मग टोपलीकडे बघितलं आणि मुकाट्याने डावीकडे वळला.

डॉक्टर तरुण मुलगी होती. पिसवा नव्हत्या. तिने थेंब दिले, खाणं बदलायला सांगितलं. तीन आठवड्यांत टक्कल पोटावरून मांड्यांपर्यंत गेलं आणि एका जागी कातडी लाल होऊन सोलवटली. आता मात्र मला भीती वाटली. आम्ही पुन्हा गेलो. टेबलावर ठेवल्याबरोबर मनी मोठ्यांदा घुरघुरू लागली.

"बघा, खूश आहे," बाबा म्हणाले.

"काका, घुरघुर म्हणजे खूश असंच नसतं. दुखत असेल, घाबरली असेल तरी करतात. स्वतःला शांत करायला. हे चाटणंही तसंच वाटतंय मला." मग तिने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "घरात काही चेंज झालाय का? नवीन माणूस? भांडणं वगैरे?"

"आमच्याकडे भांडणं नाहीत," आम्ही दोघं एकदम म्हणालो. आणि ते खरंच होतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

तिने सांगितलं, दहा दिवस वही ठेवा. मनी चाटायला लागली की वेळ लिहा आणि त्याच्या लगेच आधी घरात काय झालं ते लिहा. दोघांनी मिळून लिहा. बिचारीला काय माहीत. आम्ही दोन वह्या केल्या.

माझी म्हणजे शाळेच्या जुन्या टाचणवहीची मागची कोरी पानं. बाबांनी पट्टी घेऊन रकाने आखले: वेळ, निरीक्षण, शेरा. कारखान्यात जन्मभर हेच केलं होतं. ती वही ते उशीखाली ठेवायचे, मी माझी पर्समध्ये. दहा दिवस आम्ही त्या मांजरीकडे जितकं बघितलं तितकं कधी एकमेकांकडे बघितलं नसेल. आणि मला त्यात एक आसुरी आनंद व्हायला लागला. बाबा काही तिरकस बोलले आणि मनीने पोटाला तोंड लावलं, की मी चटकन वही काढायचे. डॉक्टरसमोर आता यांचं बिंग फुटणार, अशी माझी खात्री होती. लिहिताना लाज वाटते, पण मनीच्या जखमेपेक्षा मला माझा मुद्दा सिद्ध होण्याची घाई झाली होती.

अकराव्या दिवशी डॉक्टरने दोन्ही वह्या स्टीलच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या आणि बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली. आधी माझी. "सहा दहा. बाबा म्हणाले, 'मने, या पोळ्या आहेत की पापड?' लगेच चाटणं." मग बाबांची. "सहा अकरा. कन्या म्हणाली, 'मने, चावत नसतील तर दुधात भिजवाव्यात.' चाटणे, चार मिनिटे."

माझ्या वहीत माझं एकही वाक्य नव्हतं. बाबांच्या वहीत बाबांचं नव्हतं. पण एकीखाली दुसरी ओळ लावली की आमच्या घरातलं दहा दिवसांचं सगळं संभाषण होतं, एकही उत्तर न गाळता. ते एका परक्या मुलीच्या आवाजात ऐकणं फार वाईट होतं. बाहेर कुत्रा घेऊन बसलेले गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं घालून कान देत होते. दोन पानं वाचून ती थांबली.

"तुम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नाही का?"

आम्ही दोघांनी मनीकडे बघितलं. मनी घुरघुरत होती.

"तिला शब्द कळत नाहीत, ताई. टोन कळतो. तुम्ही दोघं दिवसभर तिच्याकडे बघून रागावता. का रागावता हे तिला कसं कळणार? तिच्याशी असं बोलणं आधी बंद करा." तिने मलम लिहून दिलं. निघताना बाबांनी तिला विचारलं, "मनी सारखी माझ्याकडे पाठ करून का बसते?" "विश्वास आहे म्हणून, काका. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे मांजर पाठ करत नाही." बाबांनी मनीला उचलून टोपलीत ठेवलं.

वह्या तिने दोन्ही माझ्याच हातात दिल्या. घरी आल्यावर चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याशी उभी राहून बाबांची वही वाचली. सगळा माझाच पाढा होता, सुवाच्य अक्षरात. मग गुरुवारचं पान आलं. त्या दिवशी मला शाळेच्या प्रशिक्षणाला जायचं होतं, यायला संध्याकाळचे सात वाजले होते.

"सकाळी ८ ते सायं. ७. कन्या बाहेर. मांजर एकदाही चाटले नाही. दोन वेळा खुर्चीशी येऊन पाठ करून बसले." आणि शेऱ्याच्या रकान्यात: "दिवसभर कोणाशीही बोललो नाही. ७ वाजता कुलपाचा आवाज आला. बरे वाटले."

मी माझी वही काढली. गुरुवार, सात पाच. "बाबा म्हणाले, 'मने, लोकांना घर आठवलं वाटतं.' लगेच चाटणं."

आधण उकळून अर्धं झालं तरी मी तिथेच उभी होते.

पण वाचलं म्हणून लगेच बोलता येतं असं नाही. सात महिन्यांनी कुठून सुरू करायचं हे मला सुचेना, आणि मनीही आता मध्ये नव्हती. डॉक्टरचं बाबा तंतोतंत ऐकतात. पाच दिवस घरात कुणीच कुणाशी बोललं नाही. गोळ्या संपल्या तर रिकामं पाकीट माझ्या पर्सवर ठेवलेलं असायचं. जेवण मी टेबलावर मांडून भांडं जरा जोरात ठेवायचे. मनी मात्र सुधारत होती. बोळात बसणं सोडून ती बाबांच्या खुर्चीखाली झोपायला लागली, जखम वाळली. ती सुधारत होती आणि मला ते घर सहन होईना. टोमणे तरी होते, आता तेही नव्हते.

रविवारी सकाळी मी मंडईतून भाजी घेऊन आले. पिशवी खाली ठेवली आणि आत न जाता बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

"बाबा, स्कूटर देताना तुम्हाला विचारायला हवं होतं मी."

त्यांनी सवयीने मनीकडे बघितलं. मनी त्यांच्या पायाशी, त्यांच्याकडे पाठ करून गाढ झोपली होती. तिकडून काही मदत नव्हती. मग त्यांनी पेपर खाली ठेवला.

"मी नाही म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं."

"ते कळलं मला."

"तुम्हाला दोघांनी धरून आणलं ना त्या दिवशी, तेव्हा फार घाबरले मी. पुन्हा तसं आणलेलं मला बघायचं नव्हतं."

मी आता उठणार, तेवढ्यात त्यांनी वाकून पिशवी स्वतःकडे ओढली. पेपर पसरून एकेक भाजी त्यावर काढून ठेवायला लागले. मेथी उलटीपालटी केली. टोमॅटो दाबून बघितले. दुधी हातात घेऊन त्याला नख लावलं, पुन्हा लावलं, आणि मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं.

"जून आहे हा. नख शिरत नाहीये. इतकी वर्षं मी आणलेली भाजी चिरतेस, एवढं कळत नाही तुला?"

मनीचा एक कान त्यांच्या आवाजाकडे वळला आणि परत जागेवर गेला. ती उठली नाही.

"नाही कळत," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. सात महिन्यांनी बाबा मला नावं ठेवत होते, माझ्याकडे बघून.