दसऱ्याला पुजलेलं बोटीचं इंजिन

स्वेच्छानिवृत्ती घेतली तोवर माझी सगळी नोकरी इंजिनांच्या टेस्टिंगमध्ये गेली होती. त्यानंतर बरेच महिने मी घरी मेथी निवडली आणि मी निवडलेली मेथी बायको पुन्हा निवडत असे. त्यामुळे आयटीतल्या मेहुण्याने मुळशीकडच्या एका बंद रिसॉर्टातून छोटी मोटरबोट उचलून आणली आणि "भावोजी, इंजिन जाम आहे, बघाल का?" असं विचारलं, तेव्हा मी जरा जास्तच घाईने हो म्हणालो.

या बोटीचं इंजिन तिच्या पोटात असतं आणि त्याला जोडलेला एक पाय मागे पाण्यात सोडलेला असतो. पंखा त्या पायाला. जुनं इंजिन भंगारात गेलं. त्या जागी मी मोटारीचं चार सिलिंडरचं इंजिन आणलं. मेहुण्याला वेग हवा होता, मला काम. कसबा पेठेतल्या लेथवाल्याकडून सिलिंडर मोठे करून घेतले, हलके पिस्टन बसवले, हेडमधल्या हवेच्या वाटा हाताने घासून गुळगुळीत केल्या. पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाठ वाकवून बसलो. संध्याकाळी उठताना भिंत धरावी लागे. चेअरमन येता-जाता विचारत, "काय, मुठेला पूर यायची वाट बघताय का?"

तेवढ्यात मेहुण्याला कंपनीने अमेरिकेला धाडायचं ठरवलं. विमान दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. तो गेल्यावर बोट विकायची, हेही ठरलं. म्हणजे हाती उरला तो फक्त दसरा. मला ते इंजिन एकदाच, पाण्यावर, मोकळं सुटलेलं ऐकायचं होतं. इतकंच.

बोटीला रेडिएटर नसतो. मागच्या पायातली रबराची फिरकी तलावाचं पाणी ओढते आणि इंजिनाला पाजते. म्हणून पार्किंगमध्ये तो पाय पाण्याच्या पिंपात बुडवल्याशिवाय मी कधी चावी फिरवली नव्हती.

दसऱ्याला सकाळी बोट ट्रेलरवर चढली, ट्रेलर जीपला जोडला आणि पिंप बाजूला सरकवलं. बायकोने बोटीत पाट मांडून पूजा केली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, ट्रेलरच्या चाकांखाली लिंबं ठेवली.

"आता सुरू करा," ती म्हणाली. "पूजा झाली की वाहन सुरू करायचं असतं. खालच्यांनी स्कूटरसुद्धा केली."

"हे घे, ताई," म्हणत मेहुण्याने चावी फिरवली आणि वर अ‍ॅक्सिलरेटरही दाबला. पत्र्याची शेड थरथरली. चेअरमन दोन पावलं मागे सरले. मी हातात नारळाची वाटी धरून भारल्यासारखा उभा. जन्मभर टेस्टिंग केलेला माणूस, पण पिंप काही आठवलं नाही. उलट "अजून एकदा!" असं जे कोणी ओरडलं, तो मीच होतो.

दुपारी तलावावर बोट सुटली तेव्हा तिने नाक वर केलं आणि मागे पांढरी रेघ उठली. मी अजून दाबणार, तोच तापमानाचा काटा सरसर लाल खुणेकडे निघाला.

"दाबा ना, भावोजी!"

मागे वाकून पाहिलं, तर धुराबरोबर पाणी बाहेर पडायला हवं होतं, ते पडत नव्हतं. सकाळी कोरडी फिरलेली फिरकी जळून गेली होती. आणखी थोडं दाबलं असतं, तर पाहिजे तो आवाज ऐकू आला असता आणि पिस्टन कायमचे चिकटले असते. मी चावी बंद केली.

"पेट्रोल संपलं?"

"पाणी."

त्याने चारी बाजूंना पसरलेल्या तलावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इंजिनाला मिळत नाहीये," मी म्हणालो. "वल्हं कुठंय?"

"एवढ्या ताकदीच्या बोटीत वल्हं शोभत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

पूजेचा पाट मात्र बोटीतच राहिला होता. त्यानेच आळीपाळीने पाणी मागे लोटत निघालो. माझ्या पाठीने पावसाळाभराचा हिशेब तिथेच चुकता करून घेतला. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "भावोजी, बोट नाही विकत. फिरकी तिकडून पाठवतो. इंजिन वाचलंय ना?"

मी इंजिनावर हात टेकवला. चटका बसला, पण वास जळक्या तेलाचा नव्हता.

"वाचलंय. पण चालवणार कोण?"

"तुम्हीच."

"आण तो पाट इकडे," मी म्हणालो.

काठावरून बायको ओरडत होती, "अहो, पाट नीट धरा! माहेरचा आहे!"