रोज दोन उंदीर धरणारा बोका

आमच्या घरातली मांजरं शाकाहारी होती, आणि ही गोष्ट मी ती न्यायला येणाऱ्यांपासून लपवायचे.

१९९८ साली आम्ही राजारामपुरीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. रस्त्यावरची पिल्लं उचलायची, वाढवायची आणि चांगलं घर बघून देऊन टाकायची, हा माझा उद्योग. घर जैन, त्यामुळं त्यांना दूधभात आणि चपाती. (सासूबाई कांद्याचासुद्धा वास लागू द्यायच्या नाहीत, तिथं मासळी कुठली!) शेवटी एक बोका उरला. खालच्या मजल्यावरच्या घरमालकांनी बजावलं, "रविवारपतोर ह्यो गेला पायजे, न्हायतर तुम्ही जायाचं."

माझी झोप उडाली. शनिवारी घरमालकांकडं माझ्यासाठी फोन आला. उचगावच्या एका किराणा दुकानदारांना मांजर हवं होतं.

"वैनी, उंदीर धरतोय न्हवं?"

"रोज दोन," मी ठोकून दिलं. बोक्यानं जन्मात उंदीर पाहिला नव्हता.

रविवारी दुकानदार लूनावरून आले. हातात पिंजरा, पिंजऱ्यात जिवंत उंदीर.

"हे कशाला?" मी विचारलं.

"म्हस घेताना धार काढून बघतोय की आपण. मग मांजर तसंच कसं न्यायचं?"

सासूबाई जपमाळ टाकून उठल्या. "आमच्या घरात जीव मारायचा न्हाय."

"मी कुठं मारतोय आक्का? मांजर मारंल."

"घर आमचं हाय. पाप कुणाला लागंल?"

बोक्यानं उंदीर धरला तर सासूबाई घराबाहेर काढणार, नाही धरला तर घरमालक. (नवरा सकाळीच दूध आणायला गेला होता. दूध कोपऱ्यावर मिळायचं. अकरा वाजले तरी पत्ता नव्हता.)

दुकानदारांनी पिंजरा उघडला. उंदीर बाहेर आला. बोक्यानं त्याला नीट पाहिलं आणि माझ्या खांद्यावर उडी मारली. उंदीर जिन्यानं खाली, थेट घरमालकांच्या स्वयंपाकघरात!

"वैनी, ह्याला भाकरी घालनारं घर बघा," म्हणून दुकानदार रिकामा पिंजरा घेऊन गेले.

संध्याकाळी घरमालक वर आले. मी मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली होती.

"बोका हाय न्हवं अजून? घरात उंदीर शिरलाय. रोज दोन धरतोय म्हनं. फोनवर ऐकलं मी."

मी बोका त्यांच्या हातात दिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पण सासूबाईंना खोटं पचेना. चौथ्या दिवशी खाली जाऊन त्यांनी सगळं कबूल केलं, उंदीर कुणाच्या घरातून आला तेसुद्धा. घरमालकांनी मांडीवरच्या बोक्याला थोपटत शांतपणे ऐकून घेतलं. मुक्या जनावराची काय चूक, म्हणून त्याला कायमचं ठेवून घेतलं, आणि आम्हाला महिन्याची मुदत दिली.

मग मी स्वतःसाठी घर शोधत हिंडू लागले. सोबत सासूबाई असल्यामुळं खोटं बोलता येईना, आणि आधीचं घर का सुटलं ते खरं सांगितलं की कुणी ठेवून घेईना.