हितसंबंध असणाऱ्यांनी बाहेर बसावे

प्रतिक्षाला किळस आली की ती बोटांवर बोटं घासते. सवय हमरापूरची, माहेरची. कारखान्यात गणपतीच्या मुकुटाला सोनेरी रंग लावून उठलं की तो रॉकेलच्या चिंधीने काढावा लागायचा, आणि कितीही घासलं तरी नखांच्या कडेला थोडा उरायचाच. आता तिने चाळिशी ओलांडली आहे. रोह्यात संसार करते आणि तिथल्याच एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. रंगाशी संबंध उरलेला नाही, पण बोटं घासणं काही सुटलं नाही. ज्या मंडळाची ती सभासद आहे ते पाहिलं, तर तिच्या बोटांना कातडी शिल्लक आहे याचंच नवल वाटतं.

मंडळाचं नाव भारदस्त: पेण-रोहा शिष्यवृत्ती कर्मचारी मंडळ. दोन तालुक्यांतल्या कॉलेजांत मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासून पुढे पाठवणारे जे कारकून, त्यांची ही संघटना. वर्षातून एकदा सभा आणि सभेनंतर जेवण. खरं म्हणजे जेवणच, सभा आपली त्याच्या तोंडी लावायला. नियमावलीसुद्धा उसनी. अध्यक्ष प्रविण पेणला ज्या सोसायटीत राहतात तिथलीच त्यांनी उतरवून आणली होती, फक्त नावं बदलून. त्या घाईत एक कलम तसंच राहून गेलं: 'गच्चीवरील पाण्याच्या टाकीस सभासदांनी परस्पर हात लावू नये.' कित्येक वर्षं ते मंडळाच्या नियमांत सुखाने नांदत होतं, कारण वाचतो कोण? प्रतिक्षाने वाचलं. भर सभेत उठून तिने विचारलं, "आपली टाकी कुठे आहे?" सगळे पोट धरून हसले आणि नवी नियमावली लिहायचं काम तिच्याच गळ्यात घातलं.

तिने ते मन लावून केलं. खुळीच ती. रविवारचे रविवार बसून लिहिलं. ज्या दुकानात मुलांचे अर्ज भरले जातात तिथून सभासदाने काहीही घ्यायचं नाही. अर्जात मोबाइल नंबर त्या मुलाचा किंवा त्याच्या घरचाच असला पाहिजे. आणि एखाद्या विषयात आपला किंवा आपल्या घरच्यांचा हितसंबंध असेल, तर तो विषय निघाला की उठून बाहेर बसायचं. सभेत हे सगळं एका दमात मंजूर झालं, कारण मागच्या अंगणात सुरमई तळली जात होती आणि वास आत यायला लागला होता. इतिवृत्त लिहिलं लियाकतभाईंनी. ते रोह्याच्याच दुसऱ्या एका कॉलेजातले, निवृत्तीला आलेले. अक्षर चांगलं म्हणून हे काम त्यांच्यावर ढकललेलं. ते मागच्या बाकावर बसून मान खाली घालून लिहायचे, आणि इतक्या वर्षांत सभेत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

नियम झाले, फाइलीत गेले. पुढे मितेश आला.

रोह्याच्या स्टँडजवळ मितेशचं दुकान. झेरॉक्स, फोटो, आधार, पॅन, शिष्यवृत्ती, सगळं एका छपराखाली. अर्ज भरताना पठ्ठ्या मुलांच्या नंबरच्या जागी आपला नंबर टाकायचा. म्हणजे अर्ज उघडायला लागणारा ओटीपी याच्या मोबाइलवर. काही दुरुस्ती करायची असो, नुसतं बघायचं असो, पोरांनी याच्याच दारात यायचं आणि याची मर्जी लागेपर्यंत बसायचं.

रोशनीही अशीच अडकलेली. खांब गावाच्या पलीकडे डोंगराखाली आदिवासी वाडी आहे, तिथली ही पोर, प्रतिक्षाच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. उत्पन्नाचा दाखला चुकीचा जोडला गेला म्हणून तिचा अर्ज परत आला होता. प्रतिक्षाने तिला तो दुरुस्त करून आणायला सांगितलं आणि पोरगी आठवडाभर गायब झाली. एका दुपारी प्रतिक्षा झेरॉक्स काढायला मितेशकडे गेली, तर रोशनी दुकानात झाडू मारत होती.

"काय गो, इथे कामाला लागलीस?"

"नाय मॅडम," रोशनी कमरेत वाकूनच म्हणाली. "तो नंबर येतो ना, त्याच्यासाठी."

मितेशला लाजही वाटली नाही. खुर्चीत रेलून म्हणाला, "नुसती बसून असते, म्हटलं जरा हात हलव. वाडीवरच्या पोरींना सवय असते, मॅडम."

बाकावर आणखीही मुलं खोळंबली होती. ती मोबाइल बघत होती, आणि रोशनी झाडत झाडत त्यांच्यापाशी आली की न बघताच पाय वर घेत होती. प्रतिक्षा पुढे झाली. तिने रोशनीच्या हातातला झाडू काढून घेतला, मितेशला चार शब्द सुनावले, आणि त्या दुपारपुरता ओटीपी मिळाला. दुरुस्ती झाली, पण अर्जातला नंबर मितेशचाच राहिला. तो बदलायचा तर मंडळाने सगळ्या कॉलेजांसाठी एकदाच ठरवावं, म्हणून तिने अध्यक्षांकडे लेखी तक्रार दिली.

प्रविणनी ती वाचली, मान हलवली आणि वार्षिक सभेची विषयपत्रिका काढली. तिच्यात तक्रारीचा पत्ता नव्हता. होतं ते असं: 'मितेश यांचे दुकान मंडळाचे अधिकृत सहाय्य केंद्र म्हणून नेमणे व सर्व महाविद्यालयांनी विद्यार्थी तेथेच पाठवणे.' एका रोशनीला झाडू देणाऱ्याच्या दारात आता दोन तालुक्यांतल्या रोशनी उभ्या करायच्या होत्या. कुंपणानेच शेत खायचं ठरवल्यावर राखण कुणी करायची?

सभा श्रावण सरता सरता होती. तिच्या आधी सभासदांच्या घरोघरी मितेशचा टेम्पो फिरला. एकेक गणपती, रुमालाने तोंड झाकलेला, पाटासकट. पैसे नाहीत, पाकीट नाही, मिठाईसुद्धा नाही. देव. लाच द्यायची तर अशी द्यावी, की नाही म्हणणाऱ्यालाच पाप लागेल.

प्रतिक्षाने रुमाल काढला आणि तिचे हात तिथेच थांबले. डोळ्यांची आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं काम, ज्याच्या त्याच्या हाताचं वेगळं असतं. हे डोळे तिच्या भावाने आखले होते. तिने हमरापूरला फोन लावला.

"मितेशची ऑर्डर तू घेतलीस, दादा?"

"व्हय," जगन म्हणाला. "सगळे एकाच साच्यातले. रोख दिले गो त्याने. तुमची बहीन शिष्यवृत्तीच्या मंडळात हाय, म्हनून तुमच्याकडंच आलो म्हनाला. का, काय झालं?"

काय झालं ते तिला समजलं होतं. पेण तालुक्यात गणपतींचे कारखाने काय थोडे आहेत? त्यांतून मितेशने नेमका तिच्या माहेरचा उंबरा शोधला होता. भावाशी बोलून तिने मूर्ती पुन्हा झाकली, रिक्षात घातली आणि मितेशच्या काउंटरवर नेऊन ठेवली.

"देव परत करताय?" मितेश म्हणाला. "बरं नसतं मॅडम."

"चवथीला पूजा होईपर्यंत हा माल असतो," ती म्हणाली. "आमच्याकडे शिल्लक राहिलेले गणपती वर्षभर माळ्यावर असतात. त्यांना कुणी नैवेद्य दाखवत नाही."

बाकी एकानेही परत केला नाही. तिने फोन केले, तर जो तो तिलाच धर्म शिकवू लागला. "ताई, चालून आलेल्या देवाला नाही कसं म्हणणार?" एरवी गरिबाच्या लेकराचा अर्ज एका सहीसाठी महिनाभर ड्रॉवरमध्ये दाबून ठेवणारी ही माणसं. त्यांना देव दिसला तो फुकट आला तेव्हा. तिने फोन ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले, नुसतेच.

सभा रोह्यातल्या एका हॉलमध्ये भरली. मितेशचा विषय निघाला आणि प्रतिक्षा बोलायला उठणार, तोच प्रविण गोड आवाजात म्हणाले, "एक मिनिट, ताई. तुम्हीच केलेला नियम आहे. मूर्तींची ऑर्डर तुमच्या भावाकडे होती, बरोबर? म्हणजे हितसंबंध आला. तुम्ही बाहेर बसायला हवं."

हॉलमध्ये खसखस पिकली. मितेश दाराशी उभा राहून हसत होता. प्रतिक्षाचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

"बसते बाहेर," ती म्हणाली. "फक्त एवढं ठरवा, माझ्या भावाने काय विकलं? माल विकला असेल तर माझा हितसंबंध आहे, मी उठते. पण मग तो माल तुम्हा सगळ्यांच्या घरी आलाय, तुम्हीही उठा. आणि तो देव असेल, तर भावाने काहीच विकलं नाही. मग मी इथेच बसते आणि बोलते."

देव म्हणावं तर ही बोलणार, माल म्हणावं तर सगळ्यांनाच उठावं लागणार. प्रविण मात्र पक्के मुरलेले. त्यांनी हसून फाइल मिटली. "ठीक आहे, माल. सगळेच उठू. कोरम नाही म्हणून सभा तहकूब. अर्ध्या तासाने याच ठिकाणी पुन्हा सभा, आणि तहकूब सभेला कोरमची अट नाही. चला, तोवर जेवून घेऊ."

हे कलम प्रत्येक संस्थेत असतं, म्हणून प्रतिक्षाने जुन्या नियमावलीतून तसंच ठेवलं होतं. आजवर याच कलमावर तिघाचौघांनी वाटेल ते ठराव रेटले होते, आणि आजही जेवण झालं की तिघंचौघं आत शिरून तेच करणार होते. सगळे बाहेर पडले आणि ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. नियम तिचाच, म्हणून तीही बाहेर गेली. श्रावण असूनही कोंबडीवड्यांवर हात मारत माणसं देवाच्या गोष्टी बोलत होती, कुणाकडे दीड दिवसाचा, कुणाकडे पाच दिवसांचा. तिला तो वास सहन होईना. ती भिंतीला टेकून बोटं घासत राहिली.

माणसं दुसऱ्यांदा वाढून घेत होती, तेव्हा लियाकतभाई इतिवृत्ताची वही घेऊन दारात आले. ते बाहेर आलेच नव्हते, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं.

"अर्धा तास झाला, म्हणून सभा घेतली," ते म्हणाले. "हितसंबंध नसलेला सभासद एक, हजर एक. केंद्राचा ठराव नामंजूर. मुलांचे अर्ज ज्याच्या त्याच्या कॉलेजात, मुलांच्याच नंबरवर करून द्यायचे, असा ठराव मंजूर."

प्रविणच्या हातातला घास हातातच राहिला. "अहो, तुम्ही एकट्याने? तुम्हाला काय अधिकार?"

"मला गणपती कुणी दिला नाही, प्रविणभाऊ," लियाकतभाई म्हणाले. "म्हणून मी आत राहिलो." आणि वही काखेत मारून ते घरी गेले.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण माल म्हणून बाहेर बसलेल्यांनी तो माल परत केला नाही. चवथीला प्रत्येकाने आपापल्या घरी त्याची पूजा केली. प्रतिक्षा शेजारच्या एका सहकाऱ्याकडे दर्शनाला गेली, तर मखरातून जगनने आखलेले डोळे तिच्याकडे बघत होते. आता तो देव झाला होता, तेव्हा हात जोडावेच लागले. घरी येईपर्यंत ती बोटं घासत होती.

दिवाळीनंतर प्रविणनी खास सभा बोलावली. नियमांत दोन दुरुस्त्या होत्या. 'गणेशमूर्ती ही भेटवस्तू समजली जाणार नाही.' आणि, 'तहकूब सभेस अध्यक्षांची उपस्थिती आवश्यक राहील.' विरोधात दोन हात वर झाले. लियाकतभाईंनी आपला हात खाली घेतला आणि त्याच हाताने, त्याच वळणदार अक्षरात, दोन्ही दुरुस्त्या मंजूर झाल्याचं लिहिलं. मितेशच्या केंद्राचा ठराव आता पुढच्या सभेत येणार, हे वेगळं सांगायला नको. तिला वाटलं, टाकीचं कलमच बरं होतं. त्याने निदान कुणाचं वाटोळं केलं नव्हतं.

पण पुढच्या सभेपर्यंत लियाकतभाईंचा ठराव उभा होता, आणि अर्जातला नंबर बदलायची सोय आत्ता कुठे सुरू झाली होती. प्रतिक्षाने दुसऱ्याच दिवशी रोशनीला निरोप धाडला: बापाचा मोबाइल घेऊन ये, नंबर बदलून घेऊ.

रोशनी दुपारी आली. दाराशी चप्पल काढली, पिशवी भिंतीला टेकवली आणि खोलीत चौफेर नजर टाकली. प्रतिक्षा संगणक सुरू होण्याची वाट बघत होती. मागे खसखस आवाज झाला म्हणून तिने वळून पाहिलं. दारामागचा झाडू घेऊन रोशनी कपाटाखालचा कोपरा झाडत होती.

"अगं, हे काय करतेस?"

"झाडून घेते, मॅडम. मंग नंबर बदलू."

प्रतिक्षा उठली. एक अख्खी नियमावली लिहिलेली बाई ती, पण या पोरीला सांगायला तिच्याकडे एक वाक्य नव्हतं. तिने झाडू घेतला, दारामागे ठेवला आणि टेबलासमोरची खुर्ची ओढून दिली.

"बस," ती म्हणाली. "इथे काही करायचं नाही."

रोशनीने खुर्चीकडे पाहिलं, मग प्रतिक्षाकडे. ती बसली नाही.

"मंग काय करू?" तिने विचारलं.