जुना डबा कुठला?

"अहो, दोन्ही डबे लख्ख पुसलेत. आता तुमचा जुना कुठला, नवा कुठला, ते तुम्हीच सांगा," शिंप्याची बायको म्हणाली.

जुन्या दुर्मिळ व्हिडिओ गेमचा सीलबंद डबा शिंप्याने पोरासारखा जपला होता. कंपनीने तोच गेम हुबेहूब पुन्हा काढला, तेव्हा शिंप्याने तो नवाही आणला. "जुना मी वासावर ओळखतो," अशी गिऱ्हाइकांपुढे फुशारकी.

आता दोन्हींना ओल्या फडक्याचा वास. शिंपी डबे आलटून पालटून हुंगत राहिला.

"कोपरा चेपलाय तो तुमचा. लग्नाच्या वर्षी माझ्या हातून पडलेला."

"आणि आज सांगतेस?"

"तुम्ही जगाला सांगत होता, साधा ओरखडा नाही म्हणून. मी कशाला मधे बोलू?"

शिंप्याने चेपलेला कोपरा भिंतीकडे करून डबा कपाटात ठेवला आणि अर्धवट पँट मशीनखाली सरकवली.