होळीवरचं नाव

धुळवडीच्या सकाळी मी गाव सोडलं. जाफराबादच्या स्टँडवर पोरं एकमेकांना रंग फासत होती आणि कोरडा राहिलेला तेवढा मी. दादा, म्हणजे माझे वडील, माझी बॅग स्वतःच्या खांद्याला लावून उभे होते. एसटी आली तेव्हा त्यांनी बॅग आत दिली आणि खिडकीपाशी येऊन म्हणाले, "तिकडं कुणाला काई सांगू नको. झालं ते झालं." एवढंच. मला वाटलं होतं, रडू येईल. आला तो राग, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

तेव्हा मी तेविशीचा होतो. कापसाच्या हंगामात जिनिंगवर कामाला जायचो. तिथल्या मुकादमाने एका दुपारी गोदामाचं दार लावून माझ्यावर जबरदस्ती केली. हे वाक्य इतकं सरळ लिहायला मला फार वर्षं लागली. तेव्हा मी एकाच माणसाला सांगितलं, लहानपणापासूनच्या मित्राला. तो आधी हसला, मग म्हणाला, "आरं, तू पोती उचलणारा गडी. एक ठेवून देता आली न्हाई का त्याला?" तिथून गोष्ट गावभर झाली. मी टपरीवर चहाला गेलो की गप्पा बंद पडायच्या आणि मी वळलो की हसू फुटायचं. कुणाला माझी दया आली नाही, कुणाला चीडही आली नाही, सगळ्यांना गंमत वाटली. आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि मामाला निरोप धाडला, "पोरगी बघा याला. लगीन झालं की समदं बराबर होईल."

आमच्याकडे होळी पेटली की एकेकाचं नाव घेऊन बोंब मारतात. चिक्कू माणसाचं, बायकोला भिणाऱ्याचं, अगदी सरपंचाचंसुद्धा. शिमग्यात कुणी राग धरायचा नाही, असा रिवाज. मीही लहानपणी तोंडावर हात मारून घसा बसेस्तोवर बोंबललोय. त्या वर्षी माझं नाव आलं. नावापुढे पोरांनी 'बाई' लावलं आणि सगळा चौक बोंबलला. मुकादम तिथेच खुर्ची टाकून प्रसादाचं खोबरं खात बसला होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. दादा माझ्या शेजारी उभे होते. ते बोंबलले नाहीत, पण त्यांनी कुणाला गप्पही केलं नाही. नुसते आगीकडे बघत राहिले. घरी आल्यावर माळ्यावरची बॅग त्यांनीच खाली काढली.

आता मी चाकणला एका कंपनीत आहे. शिफ्ट, पंचिंग, कॅन्टीनच्या वातड पोळ्या. इथे आपल्याला कुणी ओळखत नाही, याचंच सुरुवातीला केवढं सुख वाटलं. होळीला गावी का जात नाहीस, असं रूम पार्टनर विचारतो. मी म्हणतो, सुट्टी नाही. मागे कंपनीत लैंगिक छळाबद्दल ट्रेनिंग झालं. तक्रार कुठे करायची ते मॅडम सांगत होत्या, तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "मॅडम, आणि आम्हाला कुणी छेडलं तर?" सगळा हॉल हसला. मॅडमही हसल्या. बोलणं शहरातलं होतं, हसू आमच्या चौकातलंच. मी पाण्याची बाटली उघडली आणि उगाच पाणी पीत बसलो.

दर होळीच्या आधी आईचा फोन येतो. "ये की रे, आता कुणाच्या ध्यानात बी न्हाई." ती मायेनेच म्हणते. पण ऐकताना वाटतं, गावाने मला माफ करून टाकलंय. मी केलं काय होतं? मला घरून एवढंच ऐकायचं होतं, की तुझी चूक नव्हती. कुणी म्हटलं असतं तर मिळेल ती एसटी पकडली असती.

यंदा आईचा फोन होळी झाल्यावर आला. वरच्या गल्लीतल्या एका तरुणाचं नाव होळीवर आलं होतं. तोही त्याच जिनिंगवर, मुकादमही तोच. "मंग तुझे दादा म्होरं झाले," आई सांगत होती. "म्हणाले, बोंब मारायची तं मुकादमाच्या नावानं मारा. समदे गप. मंग त्या पोराच्या घरी गेल्ते. वट्यावर उभं राहून त्याला म्हणाले, बाबा, तुझी काई चूक न्हाई." आईच्या आवाजात अभिमान होता.

मी म्हटलं, दादांना फोन दे. त्यांनी घेतला. म्हणाले, "जेवलास का?" मी हो म्हटलं. "कापूस कमीच झाला औंदा," असं म्हणून त्यांनी फोन आईकडे दिला.

वरच्या गल्लीतल्या मित्रा, हे मी तुझ्यासाठी लिहितोय. आपण कधी बोललो नाही. गावात राहायचं की निघायचं, ते तुझं तू ठरव. निघालास तर एवढं माहीत असू दे की ते हसू इकडेही भेटतं. दादा तुला जे बोलले ते त्यांनी इतकी वर्षं माझ्यासाठी जपून ठेवलं होतं, असं मी धरून चाललोय. तू ते नीट सांभाळ. घर म्हटलं की आता माझ्या डोळ्यांपुढे आमचं दार येत नाही, तुमचा ओटा येतो. त्या ओट्यावर मी अजून एकदाही पाय ठेवलेला नाही.