होसियत ओपाचे सात प्रश्न

आमच्याकडे दादाला अका म्हणतात आणि ताईला ओपा. नेमत अकाच्या मुसाफिरखान्यात होसियत ओपा एकोणीस वर्षं चादरी बदलत होती. तिला जर्मन येतं हे सगळ्यांना कळलं ते एका गळक्या नळामुळे. चार नंबरचा पाहुणा अंगणात उभा राहून दोन्ही हातांनी पाणी ठिबकल्याची नक्कल करत होता. काउंटरवरची मुलगी गोड हसून त्याच्यासाठी तिसऱ्यांदा चहा घेऊन आली. तेव्हा होसियतनं बादली खाली ठेवली आणि त्याच्या भाषेत म्हणाली, "नळ गळतोय ना? चला, बघते." पाहुण्यानं तिचा हात धरून असा हलवला की जणू नळ नाही, त्याचा हरवलेला भाऊच तिनं शोधून दिला.

जर्मन ती गिजदुवान गावच्या शाळेत शिकली होती. शिकवणाऱ्या मास्तरांनी जन्मात जर्मन माणूस पाहिलेला नव्हता. पुस्तक सोव्हिएत काळातलं, त्यात ट्रॅक्टर, कारखाने आणि रणांगणावर पडलेले वीर. त्यामुळे 'मेला' हा शब्द तिला झोपेतही यायचा, पण 'टॉवेल' कशाला म्हणतात ते तिला तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. बाकीचं तिनं कपड्यांच्या खोलीत मिळवलं. कपाटाच्या दाराला आतून शब्दांच्या चिठ्ठ्या लावलेल्या असत, आणि एका उशीच्या अभ्र्याला इस्त्री होईतो एक शब्द घोकायचा. गरम इस्त्रीखाली शब्द पक्का बसतो, असं तिचं शास्त्र होतं. पाहुण्यांनी खोलीत टाकून दिलेल्या कादंबऱ्या ती घरी न्यायची. बहुतेकींची शेवटची पानं फाटलेली, त्यामुळे खून कोणी केला हे तिला कधी कळलं नाही. पण खुनाबद्दल बोलायचं कसं, ते सगळं कळलं.

त्या उन्हाळ्यात काउंटरवरची मुलगी लग्न होऊन ताश्कंदला गेली आणि खुर्ची रिकामी झाली. खुर्ची म्हणजे खरोखरच एक खुर्ची. काळ्या रेग्झिनची, फिरणारी, एका बाजूला जरा कललेली. पण तिच्यावर बसणाऱ्याला ना बादली उचलावी लागे ना जिना चढावा लागे, आणि होसियतचे गुडघे अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले होते. तिनं नेमत अकाला सरळ विचारलं.

नेमत अका अंगणातल्या लाकडी बाजेवर बसून टरबूज खात होता. त्याच्या मेहुणीची मुलगी शहजोदा पर्यटनाचं कॉलेज करून आलेली, इंग्रजी फाडफाड बोलायची. घरातून तिच्यासाठी दबाव होता. त्यानं बराच वेळ बिया मोजल्यासारखं केलं.

"असं करू," तो म्हणाला. "गुरुवारी चेक लोक येतायत, ते शहजोदाकडे. शनिवारी सोळा जर्मन, ते तुझ्याकडे. ज्याची माणसं लवकर आणि विनातक्रार खोल्यांत जातील त्याची खुर्ची. मग घरात मला कोणी बोलायचं नाही."

होसियतनं आठवडाभर तयारी केली. पासपोर्ट मागणं, नोंदणीची चिठ्ठी देणं, किल्ली, नाश्त्याची वेळ हे सगळं तासाभरात पाठ झालं. अडलं ते स्वागतापाशी. दारात आलेल्या माणसाकडे कुशल न विचारता पासपोर्ट मागायचा? ते तर पाहुण्यासमोर नान उलटं ठेवून त्याचा अपमान करण्यासारखं. आमच्याकडे साधा भाजीवालासुद्धा छातीवर हात ठेवून एका दमात सगळं विचारतो. बऱ्या आहात ना, तब्येत, घरधनी, पोरंबाळं, घरदार, वाट नीट झाली ना, दमला नाहीत ना? आपणही तेच त्याच वेळी विचारत असतो. उत्तर कोणी देत नाही. उत्तर द्यायला थांबलं तर समोरच्याचा पुढचा प्रश्न कानावरून जातो.

तिनं ते सातही प्रश्न जर्मनमध्ये बांधले आणि नवऱ्यावर आजमावले. जोरा तंदूरवाला. तो डोकं तंदूरमध्ये घालून नान लावत होता.

"अहो, ऐका ना. कसं वाटतंय सांगा."

"रागावल्यासारखं वाटतंय," आतून आवाज आला.

"ती भाषाच तशी आहे."

"मग तुला सोपी जाईल."

"नान जळतंय तुमचं."

"बघ, हे तू आपल्या भाषेत बोललीस, तरी तसंच वाटलं."

गुरुवारी शहजोदानं चेक लोकांना अठरा मिनिटांत खोल्यांत घातलं. फोनमध्ये घड्याळ लावलं होतं तिनं. "ओपा, टेन्शन घेऊ नका हं," ती होसियतला म्हणाली, "वयाप्रमाणे तुम्हाला पंचवीस मिनिटं चालतील."

शनिवारी चारला बस आली. गाइड सामानाच्या मागे लागला आणि पाहुणे एकेक करत आत आले. सगळे सत्तरीच्या आसपासचे. सर्वांत पुढे एक उंच बाई, डोक्याला कापडी टोपी, हातात काठी. यादीत नाव होतं रोझविथा, सहा नंबर, दोघांची खोली. होसियत उठली. छातीवर हात ठेवला, थोडी वाकली आणि एका दमात सातही प्रश्न म्हणून टाकले. एकही अडखळला नाही. मग तिनं पासपोर्टसाठी हात पुढे केला.

पासपोर्ट आला नाही. बाईंनी पिशवी खाली ठेवली, काठी काउंटरला टेकवली आणि थोडा विचार करून पहिल्यापासून उत्तरं द्यायला लागल्या.

बरी आहे म्हणता येणार नाही, त्या म्हणाल्या. तब्येत ठीक, डावा गुडघा सोडून. घरधनी मार्चमध्ये मेले.

होसियतला तो शब्द शाळेपासून येत होता. बाकीची वाक्यं तिच्या अंगावरून गेली असती, पण हा शब्द बरोबर येऊन बसला. तिचा पुढे केलेला हात तसाच राहिला. सहा नंबरची खोली तिनं स्वतः सकाळी लावली होती. दोन उशा, दोन टॉवेल, पलंगाखाली सपातांचे दोन जोड.

बाई बोलतच होत्या. सहलीचं दोघांनी मिळून ठरवलं होतं. नवऱ्याचं नाव यादीतून काढा म्हणून कळवायचं राहिलं. खरं म्हणजे राहिलं नाही, कळवलंच नाही. मुलगा एक आहे, फोन करत नाही. घर विकलं. वाट लांब होती. आणि हो, दमले आहे, फार दमले आहे. विचारलंत म्हणून सांगते, इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

अशा वेळी काय म्हणायचं ते ना मास्तरांच्या पुस्तकात होतं ना फाटक्या कादंबऱ्यांत. होसियत वळली, काळी खुर्ची ढकलत काउंटरच्या बाहेर आणली आणि बाईंना तिच्यावर बसवलं. मग पियाल्यात चहा ओतून त्यांच्या हातात दिला. 

खरी पंचाईत पुढेच होती. मागचे चौदाजण हे सगळं पाहत होते. दुसरा पाहुणा पुढे आला आणि पासपोर्ट न काढता नुसता उभा राहिला. एकाची विचारपूस करायची आणि दुसऱ्याची नाही, हे होसियतच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. तिनं छातीवर हात ठेवला. त्यानं घसा साफ केला आणि मूतखड्यापासून सुरुवात केली. तिसरीची सून चांगली नव्हती. चौथ्याचं सगळं उत्तम होतं, पण ते उत्तम कसंकसं झालं तेच सांगायला त्याला बारा मिनिटं लागली.

बाजेवर नेमत अकाच्या तीन किटल्या रिकाम्या झाल्या. शेवटची किल्ली दिली तेव्हा शहजोदाच्या फोनवर एक तास चाळीस मिनिटं झाली होती. होसियत तेवढा वेळ उभीच होती.

"मुसाफिरखाना आहे की दवाखाना?" नेमत अका कडाडला. "पंधरा माणसं! एवढ्या वेळात मी समरकंदला निम्म्या वाटेत असतो!"

"अका, ते उत्तरं देत होते."

"पण कोणी देतं का उत्तर?"

"ते देतात."

"मग विचारलंस कशाला?"

होसियतनं काउंटर आवरला. ती सहा नंबरच्या खोलीत गेली. पलंगाखालचा सपातांचा एक जोड हलक्या हातानं उचलून एप्रनमध्ये गुंडाळला. दुसरी उशी मात्र राहू दिली. बाईंचा हात झोपेत तिकडे जात असेल तर, असं तिला वाटलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय झालं गं?"

"गेली खुर्ची."

त्यानं चेष्टा केली नाही. सगळ्यांत फुगलेलं नान निवडून तिच्यापुढे ठेवलं, अर्थात सुलट बाजूनं.

रविवारी ती नेहमीसारखी चादरी घेऊन जिने चढत होती. काउंटरवर शहजोदा बसली होती. "अजून ठरलं नाहीये हं ओपा," ती म्हणाली, "मी नुसती बसून बघतेय." खुर्ची मात्र तिनं आपल्या उंचीला लावून घेतली होती.

सोमवारी सकाळी पाहुणे निघाले. होसियत वरच्या सज्जात उशा उन्हाला लावत होती. खाली नेमत अका रिवाजाप्रमाणे दारात उभा, एकेकाला निरोप देत. पहिल्याच आल्या रोझविथाबाई. त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात छातीवर ठेवला, वाकल्या, आणि जर्मनमध्ये त्याला काहीतरी विचारलं. मग थांबल्या. त्यांच्या मागे चौदाजण, सगळ्यांचे हात छातीवर. हा या घराचा रिवाज आहे, अशी त्यांची समजूत झालेली.

नेमत अका हसला, मान डोलावली, बसकडे हात केला. कोणी हललं नाही.

"होसियत!" त्यानं वर बघून हाक मारली. "खाली ये गं. ह्या काय म्हणतायत?"

ती उशी हातात घेऊनच खाली आली. "तुम्ही बरे आहात का, असं विचारतायत, अका."

"बरा आहे म्हणून सांग."

तिनं सांगितलं. बाई थांबूनच राहिल्या.

"आता काय?"

"तब्येत, घर, पोरंबाळं. अजून सहा राहिलेत."

"सगळं ठीक म्हण आणि मोकळी हो!"

"म्हणते. पण अका, त्या खरं ऐकायला थांबल्यात."

नेमत अकानं बाईंकडे पाहिलं. बाई शांतपणे त्याच्याकडे बघत होत्या, जणू त्यांची बस उद्या होती. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

"रक्तदाब आहे म्हणावं," तो हळूच म्हणाला. "घरात माहीत नाही. त्यांना सांगायला हरकत नाही, जर्मनीत जाणार त्या."

होसियतनं सांगितलं. बाईंनी एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर लांबलं. मग पोरांवर आलं. मोठा कोरियात कारखान्यात होता, तीन वर्षांत आला नव्हता, आणि फोनवर बोलताना मागे मशीनचाच आवाज जास्त येतो. हे नेमत अका आजवर कोणाला बोलला नव्हता. आता एकेक वाक्य बोलून होसियतकडे बघत होता आणि ती ते पलीकडे पोचवत होती. एखादा शब्द नसेल तर उशी काखेत मारून दोन्ही हातांनी तो दाखवत होती. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. अंगणातून शहजोदानं फोन उंच करून दाखवला. चाळीस मिनिटं. एकाच माणसाची.

बस गेल्यावर नेमत अका बाजेवर जाऊन बसला. बराच वेळ त्याला टरबूजही सुचलं नाही.

"खुर्ची घे," शेवटी तो म्हणाला. "दिवसाची तू, संध्याकाळची शहजोदा. तिच्या आईला मी बघतो. पण सात प्रश्न नाही, होसियत. मी दिवाळखोर होईन. एक. एकच विचारायचा. कुठला ते तू ठरव."

दोन दिवस तिनं विचार केला. नवऱ्याचं मत होतं की 'घरधनी बरे?' हाच ठेवावा, निदान घरी त्याची सवय तरी होईल. तिनं ते मानलं नाही.

आता बस आली की होसियत ओपा काउंटरमागे उभी असते. छातीवर हात ठेवते, वाकते, आणि 'दमलात का?' एवढंच विचारून थांबते. गुडघे अजून दुखतात. शहजोदा म्हणते, ओपा, एवढं भांडून खुर्ची मिळवलीत, बसा की तिच्यावर. पण खुर्ची काउंटरच्या बाहेरच्या बाजूला असते. जो 'हो' म्हणेल त्याला कुठेतरी बसवायला नको का?

हल्ली तिच्या कपाटाच्या दाराला फ्रेंच चिठ्ठ्या लागल्या आहेत. पहिली 'दमलात का'ची. दुसरी, 'मेले'.